रंध्याची जन्मतारीख

पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी दुपारी पाने, पकडी आणि पटाशांच्या ढिगात एक लोखंडी रंधा दिसला. विकणारा म्हणाला, "ब्रिटिश आहे साहेब, एकदम ओरिजिनल." मी पात्यावरची टोपी सैल करून पातं काढलं आणि आत डोकावलो. स्टॅन्ले या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीचा, बेली नावाच्या माणसानं काढलेल्या पद्धतीचा, मापानं चार नंबर. म्हणजे न्यू ब्रिटनचा. हे गाव अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये. तेवढ्यापुरता तो माणूस खरं बोलत होता.

आत बिडाच्या तळावर तीन तारखा ओतलेल्या. दोन १९०२ मधल्या, तिसरी १९ एप्रिल १९१०. या पेटंटच्या तारखा. रंधा जन्मला त्यानंतर केव्हातरी. पुढची गोल मूठ बुटकी. १९२० च्या आसपास कंपनीनं ती उंच केली, म्हणजे धड पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं. इथवर सरळ. पण पात्यावर बदाम, आणि बदामात एस. डब्ल्यू., म्हणजे स्टॅन्ले वर्क्स, ही अक्षरं. बदामाला इंग्रजीत हार्ट, म्हणून कंपनीचे जुने अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावाची ती आठवण, १९२० ते साधारण १९३५ पर्यंतची. आणि पातं दाबून धरणाऱ्या टोपीला काजूसारखं भोक, जे १९३३ च्या आधी नव्हतंच!

पातं घासून घासून संपतं, नवं येतं, ठीक. टोपी का बदलली असेल? बीडच ते, फरशीवर पडलं की तुकडा. अशा भेसळीच्या रंध्याला शौकीन लोक नाकं मुरडतात. मला तोच बरा वाटतो. सगळं मूळचं म्हणजे बहुधा पेटीतच लोळत पडलेला.

कडेला बारीक ठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'गं. वि. सु.' सु. म्हणजे सुतार की सुर्वे, देव जाणे. पण ठिपके ओळखीचे. भांड्यांवर नाव घालणाऱ्याचेच.

आजीकडे दुपारी भांडी फळीवर लावताना प्रत्येक भांडं फिरवून वाचणं हा माझा उद्योग होता. 'चि. सौ. कां. हिस मावशीकडून सप्रेम', खाली वैशाख शुद्ध पंचमी, शके १८७३. तिथं पेटंट नाही, मूठ नाही, अंदाज नाही, थेट तिथी. पातळ पत्र्याचं पातेलं कुणी दिलं हे तर आजी मरेपर्यंत विसरली नाही. त्यात दूध लागलं की ती नावानिशी उद्धार करायची, आणि नाव खरं की नाही ते मी काठावर तपासून घ्यायचो.

हल्ली पत्रिकेवरच छापतात, 'कृपया आहेर आणू नये'. तरी कुणी आणलाच तर पाकीट. नाव वहीत उतरवायचं, नोटा काढून घ्यायच्या, पाकीट केराच्या टोपलीत. कुणी कमी घातले ते मात्र वहीत राहतं म्हणा.