कार्बनचा फॉर्म भरताना सापडलेले 88 रुपये

मी कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीत क्वालिटी बघतो. क्वालिटी म्हणजे नावाला, बाकी ऑडिट, कस्टमरचे मेल, पीपीटी, सगळं माझ्याच गळ्यात. तर गेल्या वर्षी आमच्या जर्मन कस्टमरची एक एक्सेल शीट आली, पंपाच्या हाऊसिंगचा प्रॉडक्ट कार्बन फूटप्रिंट द्या म्हणून, आयएसओ 14067 प्रमाणे, खाणीपासून आमच्या गेटपर्यंत जेवढा कार्बन झाला तेवढा, एका नगामागे. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की डेटा दिला नाही तर आम्ही डेटाबेसमधला सरसकट आकडा धरू.

आण्णा (आमचे मालक) म्हणाले, धरू दे की, आपलं काय जातंय. मलाही तसंच वाटलं होतं खरं सांगायचं तर. एका कन्सल्टंटनं जे कोटेशन दिलं ते बघून तर विषयच संपला होता. पण कस्टमरच्या परचेसवाल्यानं फोनवर सांगितलं की पुढच्या वर्षी दोन सप्लायरमधला एक निवडताना हा आकडा पण बघणार आहेत, आणि तो सरसकट आकडा बघितला तर माल जणू सगळा पिग आयर्नपासून (खनिजापासून काढलेलं नवं लोखंड) केलाय असा. एक किलो पिग बनवतानाच साधारण 2 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि आमच्या चार्जमध्ये (फर्नेसमध्ये टाकायच्या मालात) पिग नावाला, बाकी सगळं स्क्रॅप, बोरिंग (मशिनिंगचा लोखंडी चुरा) आणि आमचंच रिटर्न, म्हणजे कापलेले तुकडे नि रिजेक्ट माल. म्हणजे न मोजता आम्ही फुकटात बदनाम. मग आण्णा म्हणाले, बरं भर बाबा तूच.

आता मूळ गोष्ट. विजेचं बिल अख्ख्या कंपनीचं येतं, एका नगाला किती ते कुणाला माहीत? कॉस्टिंग शीटमध्ये वर्षानुवर्षं एकच हिशेब, टनाला 600 युनिट, हाऊसिंग 14 किलोचं, म्हणजे 8.4 युनिट. मी तेच टाकून मोकळा होणार होतो पण शीटमध्ये कॉलम होता, ओतलेलं वजन. तिथं अडकलो. एका शुक्रवारी सकाळी सहालाच मेल्टिंगला जाऊन उभा राहिलो, वही घेऊन. फर्नेसच्या पॅनलवर मीटर होताच की, पण काचेवर एवढी धूळ की बोटानं पुसून आकडा वाचावा लागला, म्हणजे किती वर्षं कुणी बघितला नसेल बघा.

पहिली हीट (फर्नेसचा एक घाणा) 500 किलोची, 300 युनिटला उतरली. वा, टनाला 600, म्हटलं शीट बरोबर आहे. दुसरी पण ठीक. तिसरीला काय झालं, धातू तयार, टेंपरेचर लागलं, आणि मोल्डिंगला बॉक्सच (धातू ओतायचे वाळूचे साचे) तयार नाहीत. फर्नेस चालू, झाकण बाजूला पडलेलं, तोंड उघडं, उष्णता वर निघालीय आणि मीटर पळतंय. 35 मिनिटं! मी मेल्टरला म्हटलं मामा, झाकण तरी टाका की. ते म्हणाले, "साहेब, ह्ये काय आजचं हाय व्हय? बॉक्स न्हाईत तर धातू गार करू का?" ती हीट 390 ला उतरली. दिवसभराच्या सगळ्या हीटची सरासरी काढली तर टनाला 680.

मग तराजूवर रनर-रायझरसकट (साच्यात धातू जायच्या वाटा आणि जादा धातूचे खांब) एक झाड चढवलं. 23 किलो! हाऊसिंग 14 चं, बाकीचे 9 किलो कापून परत फर्नेसमध्ये. धातू परत मिळतो हो, पण वितळवायला लागलेली वीज परत मिळत नाही, हे कॉस्टिंग शीटच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वर रिजेक्शन 14 टक्के, बहुतेक ब्लो होल, म्हणजे वायूमुळे कास्टिंगमध्ये पडलेली भोकं. कँटीनमध्ये बसून मोबाईलवर हिशेब केला: 23 किलोला 15.6 युनिट, रिजेक्शन धरून एका चांगल्या नगाला 18.2. मी तीनदा केला. 8.4 च्या जागी 18.2. नऊ रुपये युनिट धरा, नगामागे 88 रुपये आम्ही कुठल्याच कोटेशनमध्ये लावले नव्हते, आणि आण्णा सगळ्यांना सांगत फिरायचे की हाच माल आपलं नाक हाय.

आण्णांना दाखवलं तर पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आन कार्बनचं काय झालं?" कार्बनचं सोपं होतं, ग्रिडच्या एका युनिटला 0.7 किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास, म्हणजे कास्टिंगच्या किलोमागे 0.9 किलो नुसत्या मेल्टिंगच्या विजेचा. एवढा गोंधळ असूनसुद्धा स्क्रॅपमुळे एकूण आकडा त्यांच्या सरसकट आकड्यापेक्षा बराच खाली आला. ऑर्डर राहिली.

सोलर लावा म्हणणारे खूप भेटतात. अहो छतावरचा 1 किलोवॉट दिवसाला 4 युनिट देतो, आमच्या एका हीटला 340 लागतात, म्हणजे दिवसाच्या एकाच हीटला 85 किलोवॉट. ऑफिसचे एसी चालतील फार तर. आम्ही आधी झाकण नीट करून घेतलं, बॉक्स लागल्याशिवाय शेवटचं पॉवर द्यायचं नाही असं ठरवलं (यावरून मोल्डिंग आणि मेल्टिंगची आठवडाभर भांडणं), आणि पॅटर्नवाल्याकडून गेटिंग (साच्यात धातू जायच्या वाटांची रचना) बदललं. ओतलेलं वजन साडेवीसवर आलं, रिजेक्शन 9 वर, आता नगाला 14 युनिटच्या आसपास. उरलेल्या जादा खर्चातला काही भाग कस्टमरनं रेटमध्ये दिला, कारण हिशेब कागदावर होता, नुसतं "वीज महागली साहेब" नव्हतं.

युरोपचं सीबॅम (आयात मालाच्या कार्बनवरचं शुल्क) 1 ऑक्टोबर 2023 पासून रिपोर्टिंगला आणि 1 जानेवारी 2026 पासून पैशाला लागलं, त्यात कुठला माल येतो ते टॅरिफ कोडवर आहे, पण आता पुण्याचा एक कस्टमर पण हीच शीट मागतोय, कारण सेबीच्या बीआरएसआरमध्ये (कंपनीच्या पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल) टॉप 1000 लिस्टेड कंपन्या आहेत आणि त्यांना खालून आकडे लागतात. त्याचा ट्रॅक्टरचा पार्ट अजून मोजला नाही, आण्णा रोज उद्या म्हणतात.

आणि जर्मनवाल्याचा परवा मेल आला, जुलैचा आकडा जूनपेक्षा जास्त का? आता त्याला कसं सांगू की इथं पावसाळ्यात वाळू ओली येते आणि ब्लो होल वाढतात. वाळूच्या मॉइश्चरची नोंद शोधतोय, सापडली तर वहीत एक कॉलम वाढवायचा.