मॉडेलमध्ये न पडलेला पाऊस : थरांच्या भूजल-मॉडेलचा माझा अनुभव

पुण्यात पदव्युत्तर प्रबंधासाठी मी कऱ्हा नदीच्या खोऱ्यातील एका लहान पाणलोटाचे भूजल-मॉडेल मॉडफ्लो या भूजलप्रवाहाचे गणित करणाऱ्या संगणक-प्रणालीत उभारले. क्षेत्राचे कप्पे पाडणारी जाळी आखणे, उंची भरणे, विहिरींचा उपसा नोंदवणे ही कामे वेळखाऊ असली तरी सुरळीत झाली. घोडे अडले ते सर्वांत वरच्या थरापाशी, आणि त्याविषयी आधी कोणी सांगितले असते तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता.

आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये वर मुरूम व मांजऱ्या (सच्छिद्र) खडक, त्याखाली कठीण पाषाण आणि पुन्हा मांजऱ्या खडक अशी रचना आढळते. वरचा थर पातळ असल्यामुळे उन्हाळ्यात पाण्याची पातळी त्याच्या तळाखाली उतरते. जुन्या मॉडफ्लोमध्ये असे झाले की जाळीतील तो कप्पा कोरडा ठरवून गणितातून वगळला जातो आणि पुन्हा ओले करण्याची सोय मुद्दाम चालू केलेली नसेल, तर तो शेवटपर्यंत परत येत नाही. मे महिन्यात वगळलेले कप्पे जूनमध्ये पाऊस सुरू झाला तरी वगळलेलेच! त्यातच पुनर्भरण, म्हणजे पावसाचे जमिनीत मुरणारे पाणी, केवळ वरच्या थराला देण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर त्या कप्प्यांवरचा पाऊस खालच्या थरालाही मिळत नाही.

मला आजही संताप येतो तो याचा, की एवढे पाणी गहाळ होऊनही मॉडेलमधील पाण्याच्या जमाखर्चाच्या ताळेबंदातील तफावत शून्याच्या आसपासच दिसते, कारण जे पाणी आत आलेच नाही ते जमेलाही नसते आणि खर्चालाही नसते. तफावत एक टक्क्याच्या आत आहे म्हणून मॉडेल ठीक, हा सर्रास वापरला जाणारा निकष येथे निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी पुनर्भरणाचा दर आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार स्वतः करावा आणि तो ताळेबंदातील पुनर्भरणाशी ताडून पाहावा.

पुन्हा ओले करण्याची सोय चालू केल्यावर काही कप्पे गणिताच्या एका आवर्तनात (फेरीत) ओले तर पुढच्यात कोरडे होत राहिले आणि उत्तर स्थिरावेना. पुनर्भरण सर्वांत वरच्या सक्रिय कप्प्याला दिले, तर पाणी वाचले, पण उथळ विहिरी मॉडेलमध्ये मृतच राहिल्या. मार्ग निघाला तो समीकरणे टप्प्याटप्प्याने सोडवण्याच्या न्यूटन-राफसन पद्धतीने. 2011 च्या मॉडफ्लो-एनडब्ल्यूटी या आवृत्तीत आणि पुढे मॉडफ्लो 6 मध्ये ती उपलब्ध आहे. तिच्यात कप्पा वगळला जात नाही; पाणी उतरेल तशी त्याची वहनक्षमता क्रमाने शून्याकडे नेली जाते. मात्र समीकरणांचे मॅट्रिक्स असममित होत असल्यामुळे मॉडफ्लो 6 मध्ये बायसीजीस्टॅब हा सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारी गणन-पद्धत) निवडावा लागतो. वरच्या थराचा आलेख पावसाळ्यात प्रथमच चढलेला पाहून मला जे समाधान वाटले, ते प्रबंध स्वीकारला गेल्यावरही वाटले नाही.

थर आखतानाच पाळायची एक गोष्ट सांगायची राहिली. दोन लाव्हा-थरांमधील तांबड्या मातीचा पट्टा पातळ आहे म्हणून शेजारच्या थरात मिसळू नये. उदाहरणादाखल, उभ्या दिशेने दिवसाला 1 मीटर वहन-गुणांक (खडकातून पाणी किती सहज वाहते याचे माप) असलेल्या 10 मीटर थराखाली 0.001 गुणांकाचा 1 मीटर पट्टा असेल, तर जाडीनुसार साधी सरासरी सुमारे 0.91 येते, उभ्या प्रवाहासाठी योग्य असलेली हरात्मक सरासरी मात्र जेमतेम 0.011 भरते. जुन्या आवृत्त्यांत असा पट्टा स्वतंत्र थर न करता केवळ अडथळा म्हणून देता येत असे, मॉडफ्लो 6 मध्ये ती सवलत नाही, त्यामुळे थरांची संख्या ठरवतानाच त्याला जागा ठेवावी.