तुम्ही विचारलेत म्हणून: पहिलीच चाल जी-४ का?

प्रत्येक स्पर्धेत कुणी ना कुणी विचारतेच: बुद्धिबळात तुम्ही पांढऱ्या मोहऱ्यांनी पहिलीच चाल जी-४, म्हणजे राजाकडच्या घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे पुढे, का खेळता, आणि सरळ ई-४ किंवा डी-४, म्हणजे मधले प्यादे, खेळला असतात तर आजवर किताब मिळाला नसता का? विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते, म्हणून मी नेहमी हसून वेळ मारून नेली. आज एकदा सविस्तर सांगतो.

जी-४ ही वाईट चाल आहे हे कृपया मला समजावू नका. पांढऱ्याला उपलब्ध असलेल्या २० पहिल्या चालींमध्ये संगणक तिला तळाशी ठेवतो. ते प्यादे पुढे गेले की एफ-४ आणि एच-४ या घरांवर त्याचा पहारा पुन्हा कधीही बसत नाही, हे तुमच्याआधी मी भोगले आहे. मोबदल्यात मिळते ते एवढेच: जी-२ वरच्या उंटाला लांब तिरकी रेघ, पाठोपाठ सी-४ चा धक्का, आणि काळ्याने लोभाने जी-४ चे प्यादे उंटाने मारलेच तर बी-३ वर वजीर आणून बी-७ वर टाकलेला दाब. हा सौदा तोट्याचा आहे. पण दुसऱ्या चालीपासून दोघांनाही स्वतःच्या डोक्याने खेळावे लागते, आणि मला बुद्धिबळातले तेवढेच आवडते.

असल्या आडवळणी सुरुवातीला शिक्षा मिळतेच, हे दाखवायला तुम्ही डेन्मार्कचा ग्रँडमास्टर लार्सन याचे उदाहरण देता. १९७० साली बेलग्रेडला, सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्यात, त्याने पहिल्या पटावर बी-३ खेळून स्पास्कीकडून १७ चालींत मार खाल्ला, हे खरे आहे. मात्र पुढच्याच फेरीत त्याच लार्सनने त्याच विश्वविजेत्या स्पास्कीला हरवले, हे सांगायचे तुम्ही दरवेळी विसरता. १९८० साली स्कारा येथे इंग्लंडच्या माइल्सने तेव्हाच्या विश्वविजेत्या कार्पोवच्या ई-४ ला ए-६ असे विचित्र उत्तर देऊन जिंकलेला डावही तुम्हाला कधी आठवत नाही. आणि नीट खेळता न येणारे असले खेळतात, असे म्हणणाऱ्यांनी इंग्लंडच्या मायकेल बॅस्मनकडे पाहावे. पांढऱ्याने जी-४ आणि काळ्याने जी-५ खेळणारा हा माणूस १९७३ च्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत संयुक्त पहिला आला होता आणि केवळ निर्णायक लढतीत हार्टस्टनकडून हरला. रूढ चाली त्याला येत नव्हत्या, असे कोण म्हणेल? तो ग्रँडमास्टर झाला नाही हेही खरे, आणि हे वाक्य लिहिताना माझा हात जरा अडखळतो.

आता माझ्या स्वतःच्या एका डावाविषयी. शेवटची फेरी होती, आंतरराष्ट्रीय मास्टरच्या नॉर्मसाठी, म्हणजे त्या किताबासाठी लागणाऱ्या ठरावीक कामगिरीसाठी, मला बरोबरी पुरेशी होती, आणि ‘आज तरी शहाण्यासारखा खेळ’ असे आदल्या रात्री प्रत्येकाने मला बजावले होते. मी जी-४ खेळलो. प्रतिस्पर्ध्याने डी-५ खेळून, उंट जी-२ वर आल्यावर प्यादे न मारता शांतपणे सी-६ केले, मी एच-३ ने आधार दिला, आणि मधल्या टप्प्यापर्यंत माझा डाव खरोखर चांगला होता. माझे घोडे मोकळे होते आणि घड्याळातही मी पुढे होतो. मग त्याने एच-५ खेळून माझ्या जी-प्याद्याला मारामारीत ओढले आणि ते पटावरून गेले. वजीर गेले, उंट गेले, हत्तींचा शेवट उरला, आणि त्यात एच-३ चे ते एकटे पडलेले प्यादे राखायला माझा हत्ती खुंटाला बांधल्यासारखा पहिल्या पट्टीवर अडकला. दुसऱ्या बाजूला त्याची दोन प्यादी निवांत चालत राहिली. नॉर्म गेला, आणि सही करून उठेपर्यंत निदान तिघांनी तरी ‘जी-४!’ असे म्हणून मान हलवली होती.

पुढे कित्येक वर्षे मी हिरिरीने सांगत असे की तो डाव शेवटात हरलो, सुरुवातीत नव्हे. तेव्हाच्या मला आज विचारावेसे वाटते की एच-३ चे प्यादे एकटे पडले ते कशामुळे? शेजारचे प्यादे मीच पहिल्या चालीत घरातून बाहेर काढले होते. पण तो तेव्हाचा मीही गप्प बसणारा नाही. तो म्हणतो, एच-५ च्या आधी दोन चाली घोडा मध्यभागी आणला असता तर ती मारामारी मला फायद्याची झाली असती, आणि संगणकही त्या जागी त्याच्याच बाजूने बोलतो.

एक गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. डावानंतर प्रतिस्पर्धी म्हणाला की मला बरोबरीच पुरे असल्यामुळे मी डी-४ खेळेन अशी त्याची खात्री होती, आणि सकाळभर त्याने त्याचीच तयारी केली होती. ती तयारी मी पहिल्या चालीत वाया घालवली आणि तरीही हरलो. डी-४ खेळून, त्याच्या तयारीत शिरून, मला तो अर्धा गुण मिळाला असता का, हे तुम्ही मला सांगू शकणार असाल तर जरूर सांगा. मीही तो डाव डी-४ पासून अनेकदा मांडून पाहिला आहे, आणि दरवेळी दहाव्या चालीच्या आसपास मला कंटाळा येतो.