वेताळ टेकडीवरची ती वाट दुरुस्त करायला गेलो

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून पाषाणच्या अंगाला उतरणाऱ्या एका पायवाटेला दोन वर्षांपूर्वी मीच ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा खुल्या नकाशावर, 'बायसिकल = येस' अशी खूण लावली होती. तेव्हा जाड टायरची सायकल होती, पाऊस संपून वाट छान दबलेली होती, मी न थांबता खाली आलो आणि घरी येऊन खूण करून टाकली. गेल्या महिन्यात माझी मावसबहीण साध्या सायकलवरून पाषाणहून कोथरूडला येत होती. ॲपने तिला जवळचा मार्ग म्हणून टेकडी चढायला लावली. ढकलत ती वर पोचली खरी, पण मधेच परत फिरायचं ठरवलं आणि उतरताना सुट्या मुरमावर घसरली. कोपर चांगलंच सोललं. ती ॲपला बोल लावत होती. मी नकाशा उघडून त्या वाटेचा इतिहास पाहिला, तर तिथे माझंच नाव.

म्हणून या रविवारी पहाटे निघालो. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडचा चढ चढून वर आलो तेव्हा उजाडत होतं. पठारावर नेहमीची फिरायला येणारी मंडळी, हातात काठी घेतलेल्या आजी, खाणीच्या बाजूने मोरांचा आवाज. गवत पिवळं पडायला लागलंय, कुसळं मोज्यांत घुसतात. पठारावरची रुंद कच्ची वाट सायकलला अगदी सोपी आहे. खरा प्रश्न कडेपासून सुरू होतो.

त्या उतारावर या वेळी मी सायकल हातात धरून चाललो. पावसाच्या पाण्याने वाटेच्या मधोमध घळ पडलीय आणि तिच्यात चाकांच्या खुणा स्पष्ट दिसतात. उतारावर ब्रेक दाबला की चाक माती ओरबाडतं आणि पुढच्या पावसात पाणी तिथूनच धावतं. हे मी दोन वर्षांपूर्वी पाहिलंच नव्हतं. दर शंभरेक पावलांवर थांबून फोटो काढले. कुठे सुटे दगड, कुठे गुडघाभर उंचीची पायरी, कुठे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट.

मला आता पक्कं वाटतं ते हे: 'बायसिकल' ही खूण परवानगीची आहे, जमण्याची नाही. सायकल चालवायला मनाई आहे की नाही, एवढंच ती सांगते. वाट किती अवघड आहे हे सांगायला वेगळ्या खुणा आहेत. पृष्ठभाग कसला, चढ किती, आणि 'एमटीबी स्केल' (डोंगरी सायकलसाठी अवघडपणाची मोजपट्टी), ज्यात ० म्हणजे सपाट दबलेली वाट आणि ६ म्हणजे जवळजवळ अशक्य. मी 'मला जमलं' हे 'येस'मध्ये कोंबलं होतं. उलट चूकही तितकीच वाईट. वाट अवघड आहे म्हणून 'नो' लिहिलं, तर तिथे बंदी आहे असं होतं, आणि तशी पाटी बहुतेकदा नसते. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर सायकल जात नाही हे कळायला 'पायऱ्या' एवढी खूण पुरते.

खाली फाटकाशी मात्र अडलो. पाटी होती: 'वाहनांना प्रवेश बंद'. आपल्या बोलण्यात वाहन म्हणजे मोटार, स्कूटर. पण या नकाशाच्या वर्गवारीत 'व्हेइकल'मध्ये सायकलही येते, 'मोटर व्हेइकल'मध्ये येत नाही. पाटीचं शब्दशः भाषांतर करून 'व्हेइकल = नो' लिहिलं, तर सायकलही बंद! फाटकाशी बसलेल्या पहारेकरी काकांना विचारलं.

"काका, सायकल चालते का आत?"

"गाड्यांना बंदी आहे. सायकल हातात धरून न्या की. सकाळी म्हातारी माणसं असतात, अंगावर घालू नका."

त्यांचं म्हणणं मला पटलं. पण एका माणसाचा शब्द म्हणजे नियम नव्हे, उद्या दुसरे काका वेगळं सांगतील. म्हणून 'मोटर व्हेइकल = नो' एवढंच लिहिलं, फाटकाच्या जागी बिंदू टाकला आणि सायकलबद्दल नकाशावर एक टीप ठेवली, पाटीच्या शब्दांसकट. इथे रोज येणारं कुणी वाचेल आणि खात्री करेल.

घरी येऊन वाटेचे तीन तुकडे केले. एमटीबी स्केल पठारावरच्याला ०, मधल्याला १, उताराच्याला २. माझं जुनं 'येस' काढलं आणि का काढलं ते बदलाच्या नोंदीत मराठीतच लिहिलं. सगळी ॲपं अवघडपणाची खूण वाचतात असं नाही, आणि मावसबहिणीच्या ॲपचे फोनमध्ये घ्यायचे नकाशे महिन्याला एकदाच नवे होतात. म्हणून तिला फोन करून सांगितलं, तोवर पाषाणहून येताना डांबरी रस्त्यानेच ये.