होल्टर स्वच्छ होता, विळी बंद होती

अ‍ॅब्लेशनच्या (हृदयात नळी घालून केलेल्या उपचाराच्या) आधी आमच्या पेशंट मावशींचा ‘कसं वाटतंय’चा स्कोअर ७४, तीन महिन्यांनी ५८. जास्त म्हणजे बरं. मी बेरीज दोनदा कॅल्क्युलेटरवर केली, मग कागदावर केली. आकडा तोच येत होता. शेजारीच मावशींच्या सात दिवसांच्या होल्टरचा, म्हणजे अंगावर लावून ठोके सतत नोंदवणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट होता. त्यात एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे ठोका अनियमित होण्याच्या त्यांच्या आजाराचा, एकही झटका नव्हता. ज्या आजारासाठी आम्ही मांडीच्या शिरेतून नळी घालून हृदयापर्यंत गेलो, तो कागदावर तरी उरला नव्हता, आणि जिच्यासाठी गेलो ती बाई फॉर्मवर सांगत होती की मी पहिल्यापेक्षा वाईट आहे.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात, हृदयाच्या ठोक्यांचे विकार पाहणाऱ्या ईपी विभागात संशोधन समन्वयक आहे. उपचारानंतर पेशंटला स्वतःला कसं वाटतंय, हे मोजायचं माझं काम. त्यासाठी एएफईक्यूटी नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली आम्ही वापरतो. गेल्या चार आठवड्यांत धडधड किती जाणवली, दम किती लागला, जिना चढताना किती जड गेलं, औषधांची, रक्तस्रावाची काळजी किती वाटते असे प्रश्न, आणि प्रत्येकाला एक ते सात; एक म्हणजे त्रास नाही, सात म्हणजे फार. पहिल्या १८ उत्तरांवरून ० ते १०० असा स्कोअर निघतो. १०० म्हणजे त्रास नाही. शेवटचे दोन प्रश्न उपचाराबद्दल किती समाधान आहे ते विचारतात, ते वेगळे धरतात.

आमच्या डॉक्टर सरांना दाखवलं तर ते म्हणाले, “दुसऱ्याच कुणाचा फॉर्म लागलाय का बघ.” नव्हता लागला. पण फाईल चाळताना पहिल्या फॉर्मची तारीख दिसली आणि ती सकाळ डोळ्यांसमोर आली. ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मावशी सातारा जिल्ह्यातून पहाटेच्या एसटीने आलेल्या, चष्मा घरी राहिलेला. म्हणून मी प्रश्न वाचत होते आणि उत्तरं शेजारी बसलेला मुलगा देत होता. “धडधडीचा त्रास?” “थोडाफार, मॅडम.” “चालताना?” “चालतात की, घरातल्या घरात.” “जिना चढताना?” “नाही, काही नाही.” मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या आणि मी भराभर गोल करत होते. त्या ७४ मध्ये मावशी फारशा नव्हत्याच.

या खेपेला मुलगा कॅश काउंटरच्या रांगेत होता. मावशींच्या नाकावर चष्मा होता. फॉर्म त्यांनी एकटीने, अर्धा तास लावून भरला होता.

त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं, दार लावलं आणि फॉर्म मधे ठेवला.

“मावशी, रक्त वाहण्याची भीती किती, याला तुम्ही सात दिलाय.”

“मग? विळी सुनेला देऊन टाकली मी.”

मावशी तीस वर्षं घरून डबे देत होत्या. पहाटे चारला उठून विळीवर बसायचं, सातला पहिला डबा बाहेर. अ‍ॅब्लेशननंतर डिस्चार्जच्या वेळी कुणीतरी घाईत सांगितलं होतं, रक्त पातळ करायची गोळी आहे, जपा, कुठे कापून घेऊ नका. मावशींनी ते अक्षरशः पाळलं. विळी गेली, मग किसणी गेली, मग डबे सुनेच्या हाती गेले. मुलगा म्हणाला, आई, आता तू नुसती बस. आणि त्या बसल्या. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या पेरावर विळीने पडलेला जुना घट्टा होता. बोलताना दुसऱ्या हाताचं बोट त्यावरून फिरत होतं. तीन महिन्यांत तो मऊ पडत चालला होता.

“आणि आजार परत येईल ही काळजी, तिलाही सात?”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “तुमी म्हणता रोग गेला. मग गोळी का चालू ठिवली? गेला आसता तर बंद केली आसती. काय तरी हाय, तुमी सांगत न्हाई.”

मी गप्प झाले. त्यांच्या बाजूने पाहिलं तर हिशेब चोख होता. ताप उतरला की तापाची गोळी बंद होते, मग ठोका सरळ झाला तर ठोक्याची गोळी का बंद होत नाही? ती गोळी ठोक्याची नाहीच, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ठोका बिघडला की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळू शकतं, गुठळी मेंदूकडे गेली तर अर्धांगवायूचा झटका येतो. तो धोका वय, बीपी, साखर यांवरून ठरतो. मावशींचं वय ६५ च्या पुढे, बीपी आहे, साखर आहे. होल्टर कितीही स्वच्छ आला तरी त्यांची गोळी चालूच राहणार होती. हे वाक्य फाईलमध्ये इंग्रजीत लिहिलेलं होतं, मावशींना कुणी मराठीत सांगितलेलं नव्हतं. मीही नाही.

मग रात्रीचं निघालं. झोपायच्या आधी त्या मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजायच्या. मधेच एखादा ठोका चुकला की उठून बसायच्या, ‘आला परत’. होल्टर लावलेल्या आठवड्यात त्यांनी डायरीत नऊ वेळा ‘छातीत लकलकलं’ असं लिहिलं होतं. मी रिपोर्टमध्ये त्या नऊही वेळा शोधल्या. काही ठिकाणी एखादा जादा ठोका आणि त्यामागची किंचित लांब विश्रांती, बाकी ठिकाणी साधा सरळ ठोका. असे जादा ठोके निरोगी माणसांतही येतात. पण ज्याचा जीव एकदा त्या धडधडीने कासावीस झालाय, त्याला प्रत्येक चुकलेला ठोका त्याच वाटेने आल्यासारखा वाटतो.

‘लकलकलं’ हा शब्द फॉर्ममध्ये नाही. फॉर्ममध्ये ‘धडधड’ आहे. मावशींच्या लेखी धडधड म्हणजे चढण चढल्यावर होते ती. आजाराची ती ‘लकलक’, ‘पाखरू फडफडल्यागत’, ‘जीव खाली गेल्यागत’. हे शब्द मी आता वेगळ्या वहीत टिपून ठेवते. छापील प्रश्न बदलायचा मला अधिकार नाही. प्रश्नावली जशी तपासून सिद्ध केली आहे तशीच विचारावी लागते, नाहीतर एका ठिकाणचा स्कोअर दुसऱ्या ठिकाणच्या स्कोअरशेजारी ठेवता येत नाही. पण पेशंटने प्रश्न समजून उत्तर दिलं की नुसतं माझं मन राखायला दिलं, हे बघणं माझ्याच हातात आहे.

सर आले. खुर्ची ओढून मावशींसमोर बसले. एरवी ते उभ्याउभ्याच बोलतात, एका ओपीडीत साठ-सत्तर पेशंट बघायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार. त्यांनी मावशींच्याच हाताची मूठ वळवून घेतली आणि त्यावर बोटाने दाखवलं, की हा वरचा डावा कप्पा, इथे फुफ्फुसांकडून शिरा येऊन मिळतात, झटका बहुतेक वेळा तिथूनच सुटतो, म्हणून आम्ही त्या शिरांच्या तोंडाभोवती कुंपण घातलंय. हा उलगडा फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ साली केला, आणि आज जगभर अ‍ॅब्लेशन त्याच पायावर उभं आहे. मग गोळीचं. गोळी कुंपणाची नाही, गुठळीची आहे. मग विळीचं. “बोट कापलं तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं दाबून धरा. मधे उघडून बघायचं नाही. थांबतंच. डोक्याला मार लागला, शौचाला काळी झाली, रक्त थांबेचना, तर मात्र तडक दवाखाना.”

“म्हंजी विळीवर बसू?”

“बसा.”

मावशी काही बोलल्या नाहीत. नुसतं अंगठ्याकडे पाहिलं.

त्या निघायच्या आधी मी एक गोष्ट केली. पहिल्या फॉर्मचा आकडा मला खोडता येत नाही, खोडायचाही नाही. पण मागे वळून विचारायची एक मान्य रीत आहे: ‘उपचाराच्या आधीचे दिवस आठवा आणि आज त्यांच्याबद्दल सांगा.’ कोऱ्या फॉर्मवर वर ठळक ‘आठवणीतून’ असं लिहून मी तेच १८ प्रश्न विचारले, मुलगा नसताना. स्कोअर आला ३१. आठवण पक्की नसते, बरं वाटायला लागल्यावर मागचं दुःख मोठंही दिसतं, म्हणून त्या ३१ ला मी खरा आकडा म्हणणार नाही. पण ७४ ला तर त्याहून म्हणणार नाही.

या कामाकडे अजूनही वरवरचं म्हणून बघणारे लोक भेटतात. ‘वाटण्यावर’ काय विश्वास ठेवायचा, ईसीजी खोटं बोलत नाही, असं म्हणतात. त्याचं मला वाईट वाटतं, कारण ईसीजीही सगळं सांगत नाही. २०१३ सालच्या एका अभ्यासात त्वचेखाली मॉनिटर बसवून पाहिलं, तर अ‍ॅब्लेशननंतर पेशंटला न जाणवणाऱ्या झटक्यांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ७९ टक्क्यांवर गेलं होतं. म्हणजे झटके आहेत आणि जाणवत नाहीत, असंही होतं. मावशींचं नेमकं उलट. दोन्ही मोजावं लागतं. आणि ‘बरं वाटणं’ हा निव्वळ मनाचा खेळ असेल ही शंकाही लोकांनी मनावर घेऊन तपासली. ब्रिटनमधल्या दोन केंद्रांत १२६ पेशंटपैकी निम्म्यांवर खरं अ‍ॅब्लेशन केलं, निम्म्यांवर नुसता देखावा, आणि कुणाचं काय झालं हे पेशंटला सांगितलं नाही. २०२४ साली निकाल आला. सहा महिन्यांनी याच प्रश्नावलीवर खऱ्या अ‍ॅब्लेशनवाल्यांचा स्कोअर १८ गुणांनी वरचढ होता. तो निकाल वाचला त्या दिवशी मी घरी जाताना आनंदात होते.

मावशी सहा महिन्यांच्या फॉलोअपला आल्या तेव्हा मुलाला मीच बाहेर बसायला सांगितलं. तो बिचारा काळजीपोटीच बोलत होता, म्हणाला, “मॅडम, आई ऐकत नाही आता, परत चारला उठते.” मावशी चष्मा लावून एकेक गोल करत खाली आल्या. रक्ताच्या भीतीला दोन दिले. परत येईल या काळजीला तीन. मग जिन्याच्या प्रश्नाशी पेन थांबलं.

“ह्याला मागल्या टायमाला काय दिलं व्हतं?”

“एक. त्रास नाही म्हणून.”

“आगं, आमचं घर बैठं. जिना हाय कुठं?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “चार आठवड्यांत एकदा बी चढली न्हाई. इचारतीस तर चढून सांगते.”

मी म्हटलं, मावशी, तसं करायची गरज नाही, न केलेल्या गोष्टीसाठी काय लिहायचं ते मी सांगते. तोवर त्या उठल्या होत्या. कठड्याला हात लावत पहिला मजला चढल्या, मी मागोमाग. वर खिडकीपाशी थांबल्या, आपणच स्वतःचं मनगट धरलं, ओठ हलवत थोडे ठोके मोजले आणि सोडून दिलं. मग खाली येऊन खुर्चीत बसल्या. नियमाप्रमाणे ते उत्तर गेल्या चार आठवड्यांचं धरता येणार नव्हतं, म्हणून मी ते समासात लिहायला पेन घेतलं.

“तीन लिही,” त्या म्हणाल्या. “दम लागतो आजून. पर लकलक न्हाई.”