कोळीगीतांचा पहिला अल्बम: आधी गायक आणि ढोलकी, मग बाकी सगळं

हळदीच्या मांडवात वर्षानुवर्षं गाणारे आपल्याकडचे आगरी-कोळी गायक पहिल्या अल्बमसाठी स्टुडिओत जातात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना तयार ट्रॅकवर गावं लागतं. अरेंजरने कीबोर्डवर ठेका बांधलेला असतो, बेस भरलेला असतो, मधल्या म्युझिकच्या जागा मोजून सोडलेल्या असतात. गायकाने फक्त डबिंग करायचं. गाणं सुरात लागतं, तालातही बसतं, पण त्यातला जोर जातो. मांडवात ढोलकीवाला गायकाच्या तोंडाकडे बघून वाजवतो. ओळ लांबली की हात सैल सोडतो आणि समेला पुन्हा आवळतो. प्रोग्राम केलेला ठेका कुणासाठी थांबत नाही. म्हणून पहिल्या अल्बमला गायक आणि ढोलकी एकाच वेळी रेकॉर्ड करा.

अमेरिकेतल्या कंट्री संगीतात ही रीत अजून जिवंत आहे. क्रिस स्टेपलटनचा पहिला सोलो अल्बम ‘ट्रॅव्हलर’ २०१५ साली आला. तो मुख्यतः नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये, डेव्ह कॉब या निर्मात्याने वादकांना एकत्र बसवून केला. तिथल्या वादकांसमोर कॉर्डच्या नावांऐवजी आकडे लिहिलेला कागद असतो, त्यामुळे गायकाने ऐनवेळी स्केल बदललं तरी कागद तोच चालतो. आपल्याकडे सरगम हेच काम करते. मुखडा, अंतरा आणि म्युझिकच्या तुकड्यांची सरगम एका पानावर लिहून प्रत्येक वादकाला द्या.

स्केल ठरवताना घाई नको. मांडवात गोंगाटावर मात करायला गायक वरच्या पट्टीत गातो. तीच पट्टी बूथमध्ये धरली तर अंतऱ्यातला वरचा सूर चिरकतो. अंतऱ्याची सर्वांत उंच ओळ दोन तास गायल्यानंतर म्हणून बघा. ताण जाणवला तर अर्धा किंवा एक सूर खाली या, म्हणजे काळी तीनवरून पांढरी चार किंवा पांढरी तीन.

ढोलकीची शाई गायकाच्या सा ला लावायची, आणि एक ढोलकी एक-दोन सुरांपलीकडे ताणली तर पुडी (तोंडावरचं चामडं) फाटते, उतरवली तर बोल मेल्यासारखा येतो. त्यामुळे आठ गाण्यांचा क्रम विषयावरून लावू नका, स्केलवरून लावा. एका स्केलची गाणी एका दिवशी, आणि वेगळ्या स्केलला दुसरी ढोलकी. आणखी एक जागा हमखास चुकते. ढोलकी जुन्या पेटीवर लावली जाते, पेटीचे सूर थोडे चढलेले असतात, आणि नंतर कीबोर्ड ४४० हर्ट्झवर वाजतो. मग सगळं गाणं आंबट लागतं आणि दोष गायकावर जातो. पहिल्याच दिवशी संदर्भसूर कीबोर्डचा धरा आणि पेटी त्याच्याशी ताडून बघा. जुळत नसेल तर पेटी अल्बममधून काढा.

तारखांचा पेच खरा आहे. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला की गायक मोकळा नसतो, असला तरी गळा बसलेला असतो. गळा ताजा असतो आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा ठाण्याच्या दमट हवेत पुडी सैल पडून सूर उतरतो. ढोलकी रेकॉर्डिंगच्या किमान एक तास आधी एसी चालू असलेल्या खोलीत ठेवा, मगच लावा. एसीचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून तो टेकपुरता बंद करतात आणि चार टेकमध्ये सूर पुन्हा खाली येतो. दर दोन टेकनंतर एसी लावा, सूर तपासा. हा वेळ वेळापत्रकातच धरा, नाहीतर पाचव्या गाण्याला सगळे वैतागतात.

कोपरखैरणेच्या रो-हाउसमधला तळमजल्यावरचा स्टुडिओ असो की घोडबंदर रोडजवळचा, बुक करण्याआधी दुपारी आणि रात्री अशा दोन वेळा जाऊन बसा. ट्रकची घरघर जमिनीतून येते, भिंतीवरचा फोम ती अडवत नाही. अशा ठिकाणी माईकचा स्टँड जाड रबरावर ठेवा आणि गाण्यात ८० हर्ट्झखालचं कापा.

गायक बूथमध्ये, ढोलकी मोठ्या खोलीत, मध्ये काच. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसलाच पाहिजे. ढोलकीला दोन माईक लावा: शाईकडे एक-दीड वीत अंतरावर, डावीकडे धुमाला (खर्जाच्या बाजूला) थोडा जवळ. दोन्ही एकत्र ऐकताना धूम पातळ झाला तर एका माईकची पोलॅरिटी (सिग्नलची दिशा) उलटी करा. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. गायकाच्या सर्वांत जोरकस हाकेलाही मीटर उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. बफर (संगणक आवाज क्षणभर साठवून पुढे देतो तो तुकडा) १२८ सॅम्पल किंवा कमी ठेवा, नाहीतर हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो आणि गायक मागे पडतो.

क्लिक (हेडफोनमधला तालाचा ठोका) लावायचा असेल तर कोळी ठेका सहा मात्रांचा आहे हे इंजिनिअरला आधी सांगा. प्रोजेक्ट ४/४ वर, म्हणजे चार मात्रांवर, उघडला की पुढची सगळी कापाकापी चुकते. सॉफ्टवेअर बहुधा क्वार्टर नोट मोजतं आणि ६/८ चा एक ठोका दीड क्वार्टर नोटचा असतो, त्यामुळे मिनिटाला १०० ठोके पडणाऱ्या ६/८ च्या गाण्याला तिथे १५० लिहावं लागतं. आणि ढोलकी क्वांटाइझ (ठोके सरकवून समान अंतरावर बसवणं) अजिबात करू नका. या ठेक्याचा झोका दोन ठोक्यांमधल्या असमान अंतरात आहे.

बेंजो माईकऐवजी थेट डीआय बॉक्समधून (वाद्याची वायर रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या डबीतून) घ्या. ५० हर्ट्झची गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. कोरसला गावातल्याच चार-पाच बायका बोलवा, अर्धवर्तुळात उभ्या करा, दोन टेक घ्या आणि दुसऱ्या टेकला जागा बदला. त्यांच्या आवाजाला पिच करेक्शन (सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करणं) लावू नका, गळ्यागळ्यांतल्या त्या बारीक फरकानेच कोरस भरतो.

मिक्स मोनोत (डावं-उजवं एकत्र करून) ऐका, कारण ही गाणी शेवटी डीजेच्या टॉप-बेसवरच वाजणार. मास्टर, म्हणजे अंतिम फाइल, उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाचं माप) आसपास असला तरी चालतो, स्पॉटिफाय त्याच पातळीला आणतं. ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) उणे १ डीबी.

हक्कांचं काम रेकॉर्डिंगआधीच करा. चाल पारंपरिक असेल तर तसं लिहा, स्वतःचं नाव लावू नका. दुसऱ्याचं गाणं पुन्हा गायचं असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी बघा: मूळ रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं आणि आधी रॉयल्टी भरावी लागते. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. करारात तशी ओळ असेल तर खोडायला लावा. गीतकार-संगीतकारांची नोंद आयपीआरएस या त्यांच्या रॉयल्टी संस्थेकडे, गायकाची इसामरा (आधीची इसरा) या गायक-वादकांच्या संस्थेकडे. प्रत्येक गाण्याला वेगळा आयएसआरसी (रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा) क्रमांक घ्या, आणि ढोलकीवाल्याचं नाव श्रेयनामावलीत बरोबर लिहिलंय का ते फाइल पाठवण्याआधी त्यालाच दाखवून घ्या.