कॉन्टेसा १.८ जीएलएक्स : आधी हरवलेले घोडे शोधा

माझ्या जुन्या हिंदुस्तान कॉन्टेसाला वेबर कार्ब (वेबर कंपनीचा कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल मिसळून सोडणारा भाग) कधी बसवणार, असं बरेच जण विचारतायत. सध्या नाही. इसुझूच्या १८१७ सीसी इंजिनाचे कागदावर ८८ बीएचपी, म्हणजे ८८ घोड्यांची ताकद. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत त्यातले किती उरलेत, ते कळल्याशिवाय नवीन काही लावण्यात अर्थ नाही.

पहिलं काम कॉम्प्रेशनचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते गेज लावून मोजायचं. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तीन सिलिंडर १५० पीएसआयच्या आसपास, चौथा ११५. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघितलं, काटा जेमतेम हलला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक (त्या झिजल्या असत्या तर ऑइलने दाब वाढला असता), व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. मिस्त्री म्हणाले, "हेड उतरवायच्या आधी टॅपेट बघू या." म्हणजे इंजिनाचा वरचा भाग खोलण्याआधी व्हॉल्व्हची फट तपासायची. चौथ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फट जवळपास नव्हतीच. ती जुळवून गाडी थोडी फिरवल्यावर काटा १४० वर आला. हेड तूर्त वाचलं.

दुसरी गोष्ट फुकटातली. एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने एअर क्लीनर काढून कार्बमध्ये बघायचं. माझ्या गाडीत थ्रॉटल (कार्बमधली हवेची झडप) पाऊणच उघडत होतं! केबल सैल, त्यात आधीच्या मालकाने पेडलखाली मॅटवर मॅट अंथरलेली. जुनी गाडी घेतलेल्या प्रत्येकाने हे एकदा करून बघाच.

मग डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे हलक्या पायावर ठिणगी थोडी आधी पाडणारी सोय. त्याची नळी काढून तोंडाने ओढली, तर हवा सरळ येत राहिली. आतला पडदा (डायफ्राम) फाटलेला. बदलला, टायमिंग पुन्हा लावलं. हलक्या पायाने चालवताना जो कंटाळवाणा जडपणा होता, तो गेला.

पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे टाकले. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही, आणि इथेनॉल पाणी धरतं. कोकणातल्या दमट हवेत अर्धी टाकी ठेवून पावसाळाभर गाडी उभी केली, तर आतून गंज ठरलेलाच. उभी करायचीच असेल तर टाकी भरून करा.

आंबा घाटात चाचणी घेतली. पूर्वी साखरप्याकडून वर चढताना ज्या वळणांवर दुसरा गिअर टाकावा लागायचा, तिथे आता तिसऱ्यात ओढते. वर पोचल्यावर चारही चाकांना हात लावून बघितला (जपून!), पुढचं डावं भाजत होतं. कॅलिपरचा (ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागाचा) पिस्टन गंजून अर्धवट अडकलेला, ब्रेक सुटतच नव्हता. म्हणजे ताकदीचा एक वाटा तिथेही जळत होता.

त्यामुळे कार्बसाठी बाजूला काढलेले पैसे आधी कॅलिपर आणि ब्रेकच्या लोखंडी पाइपांवर जातायत. मागच्या ॲक्सलवरच्या पाइपाला नख लावलं तरी पोपडे निघतात. आणि जाता जाता एक विचारणा: रत्नागिरी-चिपळूण भागात तांब्या-पितळेचा रेडिएटर कोअर नीट करून देणारं कुणी माहीत असेल, तर सांगा.